वाचकांचे प्रश्न : स्टेंटनंतर पुन्हा अरुंद होणारी धमनी आणि जीन थेरपी

प्रश्न : माझ्या वडिलांच्या हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवला होता. काही महिन्यांतच ती त्याच जागी पुन्हा अरुंद झाल्याचे आढळले. जीन थेरपीने हे रोखता येते, असे वाचनात आले. हा उपचार घेता येईल का?

उत्तर : नाही. या कारणासाठी जीन थेरपी, म्हणजे पेशींत जनुक पोहोचवून केला जाणारा उपचार, आज रुग्णांना दिली जात नाही. मात्र ही कल्पना निराधार नव्हती.

फुग्याने किंवा स्टेंटने धमनी रुंद करताना तिच्या भिंतीला इजा होतेच. ती भरून येताना भिंतीच्या मधल्या थरातील स्नायुपेशी आतल्या बाजूला सरकतात, भराभर विभागतात आणि भोवती तंतुमय द्रव्य साठवतात. वण गरजेपेक्षा जाड धरावा तसा हा थर आतला मार्ग व्यापत जातो. १९७७ मध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी हृदयधमनीची पहिली अँजिओप्लास्टी केली, त्यानंतर केवळ फुग्यावर भिस्त असलेल्या काळात साधारण एक तृतीयांश किंवा त्याहूनही अधिक रुग्णांत असे घडत असे.

म्हणून १९९०च्या दशकात संशोधकांनी पेशींच्या विभाजनालाच लगाम घालण्याचे ठरवले. विभाजन रोखणारे किंवा स्नायुपेशींच्या वाढीला आवर घालणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करणारे जनुक निरुपद्रवी केलेल्या विषाणूंमार्फत धमनीच्या भिंतीत पोहोचवल्यावर उंदीर, ससे आणि डुकरांमध्ये परिणाम उत्साहवर्धक दिसले. माणसात मात्र अडचणी उभ्या राहिल्या. जनुक भिंतीत सोडताना रक्तप्रवाह थांबवावा लागतो; तो जेमतेम काही मिनिटेच थांबवता येतो, तेवढ्यात कॅल्शियम साचलेल्या, कडक झालेल्या भिंतीत जनुक फारसे शिरत नाही. शिवाय विषाणूंमुळे भिंतीला सूज येऊ शकते.

याच विचारातून निघालेल्या एडिफोलिगाइड या औषधाची चाचणी मला विशेष बोलकी वाटते. हे जनुक नव्हे, तर पेशीविभाजनाची सूत्रे हलवणाऱ्या प्रथिनाला फसवणारा डीएनएचा छोटा तुकडा होता. बायपाससाठी काढलेली शीर शरीराबाहेरच त्याच्या द्रावणात भिजवली जाई, म्हणजे औषध पोहोचवण्याची अडचण बरीचशी दूर झालेली होती. तरीही २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३,०००हून अधिक रुग्णांच्या चाचणीत शिरा बंद पडण्याचे प्रमाण कमी झाले नाही.

दरम्यान सिरोलिमस या औषधाचा लेप असलेले स्टेंट आले. सिरोलिमसही पेशीला विभाजनाच्या उंबरठ्यावरच अडवते. फरक इतकाच की, औषधाचा हा साधा रेणू स्टेंटवरून भिंतीत अनेक आठवडे झिरपत राहतो. पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण त्यामुळे बरेच खाली आले आणि जीन थेरपीची निकड उरली नाही.

आपल्या वडिलांच्या बाबतीत स्टेंट नीट उघडला होता का, हे धमनीच्या आतून घेतलेल्या प्रतिमेवरून आधी तपासले जाईल. त्यानंतर औषधाचा लेप असलेला फुगा, तसाच आणखी एक स्टेंट किंवा काही वेळा बायपास, यांतून हृदयरोगतज्ज्ञ निवड करतील. रक्त न गोठण्यासाठी दिलेल्या गोळ्या तोवर त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.