कॅडेट अकादमीत, काळजी घरात : वाचकांची प्रश्नोत्तरे

खडकवासल्याची एनडीए (तिन्ही सेनादलांची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), डेहराडूनची आयएमए (भूदलाची भारतीय सैनिकी अकादमी) आणि चेन्नईची ओटीए (भूदलाची अधिकारी प्रशिक्षण अकादमी) इथे शिकणाऱ्या कॅडेट्सच्या, म्हणजे अधिकारी होण्याचे प्रशिक्षण घेणाऱ्या मुलामुलींच्या, घरच्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे देत आहोत.

मुलगा जुलैत एनडीएत दाखल झाला. तीन आठवड्यांनी फोन आला तो रडतच. "आई, मला घरी यायचंय," एवढंच म्हणाला. त्याचे बाबा म्हणतात, उद्याच खडकवासल्याला जाऊन भेटू. जावं का? (एक आई, जळगाव)

उद्या जाऊ नका. पहिल्या टर्मचे पहिले दीड-दोन महिने तीन वर्षांतले सर्वांत जड असतात. पहाटे पीटी, मग ड्रिल, वर्ग, संध्याकाळी खेळ, रात्री अभ्यास. त्यात 'पट्टी परेड', म्हणजे दोन-चार मिनिटांत एक गणवेश उतरवून दुसरा चढवायचा आणि पुन्हा फॉल-इन व्हायचे, म्हणजे रांगेत हजर व्हायचे. उशीर झाला की 'रगडा', म्हणजे शिक्षेचा व्यायाम. झोप कमी पडते, अंग सतत दुखते. अशा वेळी "घरी यायचंय" हे मुलाच्या थकव्याचे बोलणे असते, तो त्याचा निर्णय नसतो. फोन काही मिनिटांचाच असतो. आठवडाभर दाबून ठेवलेले आईचा आवाज ऐकताच बाहेर पडते. तो फोन ठेवून पुढच्या फॉल-इनला पळतो आणि इकडे घर रात्रभर जागे राहते.

फोनवर आधी त्याला मनसोक्त बोलू द्या, मध्ये सल्ला देऊ नका. नंतर लहान, ठोस प्रश्न विचारा. पायाला फोड आलेत का? शेजारच्या केबिनमध्ये कोण आहे? पोहणं जमायला लागलं का? अशा प्रश्नांनी त्याचे मन त्या दिवसापुरत्या कामावर येते. "सोडून ये, आम्ही आहोत" हे म्हणू नका आणि "आता लोकांना काय सांगू?" हे तर मुळीच नको. पहिल्या वाक्याने त्याचा पाय उचलतो आणि दुसऱ्याने तो पुढच्या वेळी खरे सांगायचे बंद करतो. "ही टर्म पूर्ण कर, सुट्टीत समोरासमोर बसून ठरवू" असे सांगा, आणि सुट्टीत खरोखर बसा. यामागे व्यवहारही आहे. दाखल होताना पालकांनी बाँड लिहून दिलेला असतो. स्वतःच्या इच्छेने प्रशिक्षण सोडले तर त्यावरचा खर्च वसूल होऊ शकतो. असा निर्णय पाच मिनिटांच्या फोनवर व्हायला नको.

ड्रिलची चाचणी पास झाल्याशिवाय साधारणपणे 'लिबर्टी', म्हणजे सुट्टीच्या दिवशी बाहेर जाण्याची मुभा, मिळत नाही. भेट तेव्हासाठी ठेवा. तोवर पत्र लिहा. आठवड्याला एक, पानभर पुरे. घरातल्या साध्या बातम्या असू द्यात, उपदेश नको. पत्त्यावर कॅडेट नंबर आणि स्क्वॉड्रनचे, म्हणजे तो राहतो त्या तुकडीचे, नाव न चुकता घाला.

आता दुसरी बाजू. पुढीलपैकी काही कानावर आले तर वाट पाहायची नाही : जगण्यात अर्थ नाही असे बोलणे, सलग काही रात्री झोप नसणे, जेवण सुटणे, मारहाण, किंवा रगड्यानंतर लघवी चहा-कोलासारखी गडद होणे. शेवटच्या लक्षणात अतिश्रमाने स्नायू फुटून त्यांतले घटक मूत्रपिंडावर येतात. त्याच दिवशी डॉक्टरने पाहायला हवे. थेट डिव्हिजनल ऑफिसरला, म्हणजे त्याच्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला (अकादमीच्या भाषेत 'डिव्ह-ओ'ला), फोन करा. स्क्वॉड्रनचा नंबर दाखल होण्याच्या दिवशीच लिहून ठेवलेला असावा. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह सांगा. दाद मिळाली नाही तर स्क्वॉड्रन कमांडर, मग बटालियन कमांडर. आईवडिलांनी तक्रार केली म्हणून मुलाचे करिअर संपते, ही भीती मनातून काढून टाका. मनाच्या त्रासासाठी टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, त्यावर तुम्हीही बोलू शकता.

मुलगी चेन्नईच्या ओटीएत आहे. नडगी दुखते म्हणते, पण एमआय रूमला (अकादमीच्या दवाखान्यात) जायला तयार नाही. "पेनकिलर पाठवा," म्हणते. पाठवू का? (एक वडील, सांगली)

नाही. वेदनाशामक गोळ्या घेऊन उन्हात पळणे, त्यात पाणी कमी पडणे, हे मूत्रपिंडाला घातक असते. शिवाय गोळीमुळे दुखणे झाकले जाते आणि हाड मात्र चिरत राहते.

तिला फोनवर एवढे करून पाहायला सांगा. नडगीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवायचे. वीतभर पट्टा दुखत असेल आणि पळताना अंग तापल्यावर कमी होत असेल, तर बहुधा हाडावरच्या आवरणाचा आणि त्याला जोडलेल्या स्नायूंचा दाह आहे, ज्याला सगळे 'शिन स्प्लिंट' म्हणतात. बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, त्या पायावर उडी मारली की दुखत असेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेल्या बारीक चिरेची, शंका धरायची. जांघेत किंवा खुब्यात दुखत असेल तर एक दिवसही पळायचे नाही. मांडीच्या हाडाच्या मानेला चीर असू शकते, आणि ती पूर्ण तुटली तर शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते.

एक गोष्ट पुष्कळांना फसवते. स्ट्रेस फ्रॅक्चरचा एक्स-रे पहिले दोन-तीन आठवडे साफ येऊ शकतो. "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हणजे हाड ठीक आहे असे नव्हे. दुखणे तसेच राहिले तर पुन्हा दाखवायचे. एमआरआयमध्ये चीर लवकर दिसते.

ती दुखणे का लपवते हेही समजून घ्या. प्रशिक्षणाचे दिवस बुडाले की रेलिगेट होऊन मागच्या कोर्सबरोबर बसावे लागेल, ही धास्ती असते. नडगीची चीर वेळेत सापडली तर साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या विश्रांतीने भरून येते. तेच हाड तुटले तर महिनेच्या महिने जातात आणि मेडिकल कॅटेगरीवर, म्हणजे शारीरिक पात्रतेच्या श्रेणीवर, परिणाम होतो. ओटीएचे प्रशिक्षण ४९ आठवड्यांचे आहे. त्यातले सात आठवडे वाचवायला जाऊन सगळेच गमावण्याचा धोका पत्करू नये. हे तिला रागावून न सांगता हिशेब म्हणून सांगा.

मुलींमध्ये हे प्रमाण जास्त दिसते. पाळी दोन-तीन महिने चुकली असेल तर तो श्रमाच्या मानाने जेवण कमी पडत असल्याचा इशारा असू शकतो, आणि त्याने हाडेही कमकुवत होतात. ही गोष्ट तिने डॉक्टरला आपणहून सांगावी, कारण ती विचारली जाईलच असे नाही. सुट्टीत घरी आली की हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि व्हिटॅमिन डी तपासून घ्या.

पार्सलमध्ये काय पाठवावे? पैसे किती लागतात? (एक काका, नागपूर)

डबे, लाडू-चिवडा पाठवण्याआधी परवानगी आहे का ते कॅडेटलाच विचारा. अनेकदा ते पोचतच नाही, आणि पोचले तर त्याच्यावर रगड्याची पाळी येऊ शकते. लोकरी व जाड सुती मोजे, फुट पावडर, फोडांसाठी चिकटपट्टी, साधे ब्लेड, पॉलिश आणि पोस्टाची पाकिटे उपयोगी पडतात. प्रोटीन पावडर आणि कुठलीही 'ताकदीची' पुडी नको.

एनडीएत शिक्षण, राहणे, जेवण, गणवेश सरकारी खर्चाने असते. खिशाचा खर्च घरून द्यावा लागतो. सुरुवातीच्या अनामतीचा आकडा जॉइनिंगच्या कागदात असतो, तो नीट वाचा. आयएमए, ओटीएत महिना ५६,१०० रुपये स्टायपेंड असतो, पण त्यातून मेस आणि इतर कपाती होतात. ती रक्कम धरून घराचा हप्ता बांधू नका, आणि कमिशनआधीच, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक होण्याआधीच, गाडीचे कर्ज घेण्याच्या मोहातून मुलांना वेळीच परावृत्त करा.

होणारा नवरा पदवीनंतर आयएमएत गेला आहे, दीड वर्षाचे ट्रेनिंग. घरचे म्हणतात मध्येच साधं रजिस्टर लग्न उरकून घ्या, समारंभ नंतर. चालेल का? (एक वाचक, पुणे)

नाही. प्रशिक्षणात लग्नाला बंदी आहे आणि रजिस्टर लग्न हेही लग्नच. उघड झाले तर त्याला काढून टाकतात आणि खर्चाची वसुली होते. घरच्यांना हे स्पष्ट सांगा. कमिशननंतरही पहिली नेमणूक कळेपर्यंत हॉल बुक करू नका, कारण रजा युनिटच्या सोयीने मिळते.

फोन न येण्याचे दिवस तुम्हाला जड जातील, विशेषतः कॅम्पच्या काळात. तेव्हा तो चार-पाच दिवस चालत, खंदक खणत, झोपेविना असतो आणि फोन जवळ नसतो. कॅम्पच्या तारखा आधी विचारून ठेवल्या की अबोला आणि कॅम्प यांत गल्लत होत नाही. तुमचे शिक्षण-नोकरी मात्र त्याच्या वेळापत्रकाभोवती थांबवून ठेवू नका.

मुलगा एनडीएत रेलिगेट झाला. आम्ही कोणाला सांगितलेलं नाही. त्याच्याशी काय बोलावं कळत नाही. (आई-वडील, कोल्हापूर)

रेलिगेशन म्हणजे सहा महिने मागे, मागच्या कोर्सबरोबर तीच टर्म पुन्हा. पदवीचे विषय, पीटी, पोहणे, ड्रिल, आजारपण किंवा शिस्त यांपैकी कशानेही ते होते. "काय केलंस तू?" असे न विचारता "कशात अडलं?" असे विचारा, कारण उपाय त्यावरच ठरतो. पोहण्यात अडले असेल तर सुट्टीत रोज तासभर तलाव आणि प्रशिक्षक. गणितात अडले असेल तर शिकवणी. पीटीत असेल तर पळणे आठवड्याला थोडेथोडेच वाढवायचे, सुट्टीत एकदम जोर लावून पाय दुखवून घ्यायचा नाही. शिस्तीचे कारण असेल तर ते गंभीर आहे, डिव्ह-ओशी बोलून पूर्ण हकिगत समजून घ्या.

त्याला खरे टोचते ते कोर्समेट पुढे गेल्याचे. नवीन कोर्समधली मुले ओळखीची नसतात, काल ज्यांना तो ज्युनिअर म्हणत होता ती आज बरोबरीची होतात. पहिले दोन महिने त्याला जास्त पत्रे, जास्त फोन हवेत. आणि नातेवाइकांपासून लपवू नका. घरात कुजबुज चालू असेल तर सुट्टीत आलेला मुलगा ती पहिल्याच संध्याकाळी ओळखतो. "सहा महिने उशिरा पास आउट होईल," एवढे एक वाक्य पुरे.

डिसेंबरमध्ये आयएमएची पासिंग आउट परेड (प्रशिक्षण पूर्ण झाल्याचे संचलन) आहे. तयारी काय करावी? (एक आई, नाशिक)

आयएमएच्या परेड जून आणि डिसेंबरमध्ये होतात, आणि त्या आठवड्यात डेहराडूनची हॉटेले भरतात. खोली तारीख कळताच घ्या, रद्द करता येईल अशी. पाहुण्यांची संख्या मर्यादित असते, म्हणून कोण येणार हे मुलाला लवकर कळवा. पाससाठी नावे ओळखपत्राप्रमाणेच द्या. स्पेलिंग जुळले नाही तर गेटवर अडकायला होते. मूळ ओळखपत्र प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवावे. डिसेंबरची सकाळ कडाक्याच्या थंडीची असते, खुर्चीवर बराच वेळ बसावे लागते. आजी-आजोबा येणार असतील तर शाल, मोजे, औषधे आणि जवळच्या स्वच्छतागृहाची चौकशी आधीच.

परेडनंतर पिपिंग होते. नव्या लेफ्टनंटच्या दोन्ही खांद्यांवर दोन-दोन तारे असतात आणि ते उघडे करण्याचा मान आईवडिलांचा. कोण कुठल्या खांद्याशी उभे राहणार हे आदल्या रात्री ठरवून घ्या, गर्दीत तेवढा वेळ नसतो. परतीचे तिकीट त्याच संध्याकाळचे काढू नका. सामान बांधणे, ना-हरकत कागद, मेसची बिले यांत मुलाचा दिवस जातो.

एनडीएची परेड पाहायला येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे : तिथून मुले अजून अधिकारी होऊन बाहेर पडत नाहीत. पुढचे वर्ष आर्मीसाठी डेहराडून, नेव्हीसाठी केरळमधले एझिमला, हवाई दलासाठी हैदराबादजवळचे दुंडिगल. म्हणून रजेत सगळी नातीगोती फिरवू नका. पहिले चार दिवस त्यांना झोपू द्या आणि पळण्याची सवय तुटू देऊ नका.