बिअर गढूळ दिसते, काय टाकू?

प्रश्न: मी लंडनला असतो, घरी पेल एल बिअर बनवतो, चव छान येते पण फ्रिजमध्ये ठेवली की गढूळ होते. आम्ही शाकाहारी, जिलेटिन नको, मग काय टाकू?

उत्तर: गार झाल्यावरच गढूळ होते म्हणजे हा चिल हेझ, माल्टमधली (मोड आणून वाळवलेल्या धान्यातली) प्रथिनं आणि पॉलिफिनॉल ही वनस्पतींतली द्रव्यं थंडीत एकमेकांना चिकटतात म्हणून, प्यायला काही धोका नाही. बिअर नितळ करायला वापरतात ते आयसिंग्लासही नको, ते माशापासून करतात. तुम्ही आयरिश मॉस घ्या, ते समुद्री शेवाळ आहे, १९ लिटरला साधारण १ छोटा चमचा, उकळीच्या शेवटच्या १५ मिनिटांत टाकायचं आणि मग वॉर्ट, म्हणजे आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी, पटकन गार करायचा, इथे अजिबात आळस करू नका, निम्मं काम त्यानेच होतं. गव्हाची बिअर मात्र गढूळच छान!