गॅरेजमधल्या मेकॅनिकसाठी ऑनलाइन प्रशिक्षण कसं तयार करावं, म्हणजे ते नुसतं बघत बसणार नाहीत?

व्हिडिओ दाखवून शेवटी चार प्रश्न विचारणं पुरेसं नाही. मेकॅनिकचं खरं कसब बिघाड शोधण्यात असतं, म्हणून धडा ग्राहकाच्या तक्रारीपासून सुरू करा.

समजा, कार सकाळी सेल्फ घेत नाही. पुढे काय तपासायचं ते शिकणाऱ्याने ठरवायचं. मल्टिमीटर लावला की बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, म्हणजे चार्ज ठीक. पण सेल्फ मारताना रीडिंग ९.६ च्या खाली घसरतं. आता बॅटरीची लोड टेस्ट करायची, म्हणजे भार देऊन ती टिकते का ते पाहायचं, की थेट स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर) उतरवायचा? स्टार्टर निवडला तर ‘चूक’ असा लाल शिक्का नको. वाया गेलेला वेळ आणि मजुरी दाखवा, गाडी बंदच ठेवा. तपासणीचा क्रम असाच डोक्यात बसतो.

स्कॅनरचा, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाड वाचणाऱ्या यंत्राचा, कोड म्हणजे निदान नव्हे, हेही याच पद्धतीने शिकवा. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे इंधन नीट पेटत नाही. दोष प्लगचा, कॉइलचा की इंजेक्टरचा, हे कॉइलपासून सुरुवात करून एकेका भागाची दुसऱ्या सिलिंडरशी अदलाबदल करत त्यालाच शोधू द्या.

धडे मोबाइलवर चालणारे, छोटे आणि मराठीत हवेत. रिले, सेन्सर हे शब्द मात्र तसेच राहू द्या. टॉर्क रेंचचा सराव वर्कशॉपमध्येच घ्या, तो स्क्रीनवर होत नाही.