नवऱ्याच्या कपाटातला पांढरा ॲप्रन

नवरा कुठल्यातरी पुरुषांच्या मंडळात जातो आणि घरी धड काही सांगत नाही, ही तक्रार माझ्याकडे नेहमी येते. कोल्हापुरात ते मंडळ म्हणजे बहुतेकदा पेठेतली तालीम, नाहीतर भिशीचा ग्रुप. मंगळवार पेठेतून आलेल्या या बाईंची काळजी मात्र वेगळी होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

यजमानांची शिरोलीला फाउंड्री. वय पन्नाशीपुढचं. महिन्यातून एकदा काळा सूट घालून पुण्याला जायचे, विचारलं की "मीटिंग" म्हणायचे. कपाट आवरताना बाईंना एका बॅगेत पांढरा ॲप्रन सापडला. पोरानं मोबाईलवर शोधून सांगितलं, बाबा फ्रीमेसन झालेत. मग त्यानंच काही व्हिडिओ दाखवले, आणि बाईंची झोप उडाली. "मॅडम, शपथ घेतात म्हणे. घर लिहून घेतलं तर?"

आधी मला माहीत होतं तेवढं सांगितलं. फ्रीमेसन ही विधी आणि शपथा असलेली पुरुषांची जुनी बंधुसंस्था; तिच्या शाखेला लॉज म्हणतात, आणि शाखांच्या वरच्या मध्यवर्ती संस्थेला ग्रँड लॉज. या संस्थेचं पहिलं ग्रँड लॉज लंडनमध्ये १७१७ साली स्थापन झालं, भारतातलं स्वतंत्र ग्रँड लॉज १९६१ साली. मोतीलाल नेहरू सदस्य होते. तरुण विवेकानंद १८८४ साली कोलकात्याच्या लॉजमध्ये दाखल झाले होते. ॲप्रन ही दगड घडवणाऱ्या जुन्या गवंड्यांची खूण; गुण्या, कंपास, ओळंबा या त्यांच्या अवजारांवरून वागणुकीचे धडे देतात. परमेश्वरावर श्रद्धा हवी, पण लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायचा नाही. बाई म्हणाल्या, "ओळंबा आमच्या गवंड्याकडं पण असतोय, त्यासाठी पुण्याला कशाला जायला पाहिजे?"

प्रश्न रास्त होता. पुढच्या वेळी यजमानांनाही बोलावलं.

गृहस्थ आले ते हाताची घडी घालूनच. वडिलांविषयी विचारलं तेव्हा सैल झाले. वडील तालमीतले. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभं केलं, तेव्हापासून या गावात पेठेच्या पोराला तालमीचा शिक्का असतो. ताक, तेल, हळद घातलेल्या लाल मातीत कोण सरदाराचा आणि कोण हमालाचा हे वस्ताद विचारत नसे. पुढं त्याच तालमीचा गणपती, फुटबॉलची टीम, कुणाच्या घरी मयत झालं तर खांदा द्यायला तीच माणसं. यांनी मात्र कारखाना काढला आणि तालीम सुटली.

"दिवसभर सगळे मला मालक म्हणतात," ते म्हणाले. "कामगाराला माझ्याकडून उचल पाहिजे, गिऱ्हाइकाला डिस्काउंट. तिथं मी नवखा. विधी पाठ म्हणताना चुकलो की रिटायर झालेला बँकेतला क्लार्क मला सुधारतो. बरं वाटतं."

माझ्या मते अशा संस्थांचं खरं मोल इथं आहे. ओळखीपाळखी, धर्मादाय देणग्या, जेवणावळी हे सगळं नंतरचं. पुरुष समोरासमोर बसून मन मोकळं करत नाहीत असं म्हणतात. माझाही अनुभव तसाच. पण शेजारी उभं राहून काही करायला मिळालं, मग ते जोर मारणं असो, मिरवणुकीचं नियोजन असो की पाठांतर, तर बोलणं आपोआप येतं. या गृहस्थांना वडिलांच्या मृत्यूबद्दल पहिल्यांदा बोलता आलं ते लॉजच्या जेवणात, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाशी.

हे ऐकून बाईंचे डोळे भरले, आणि मग त्या चिडल्या. "मला का नाही सांगितलं?" ॲप्रनपेक्षा हे जास्त लागलं होतं.

म्हणून बोलणं मी शपथेकडं वळवलं. विधीतल्या खुणा, परवलीचे शब्द ते सांगणार नाहीत, तो त्यांचा नियम. पण आपण सदस्य आहोत, कुठं जातो, वर्गणी किती भरतो, हे लपवायला संस्था सांगत नाही. उलट मदत करतानाही स्वतःला आणि घरच्यांना झळ लागू देऊ नये, अशीच त्यांची जुनी शिकवण आहे. जी संस्था माणसाला बायकोपासून तोडते, पैशाचा हिशेब घरी द्यायला मना करते, सोडायचं म्हटलं की भीती घालते, तिचं नाव काहीही असो, तिथून उठून यावं. तालमीलाही हीच कसोटी. त्यांची लॉज असं काही करत नव्हती. लपवाछपवी यांची स्वतःची होती. बायको हसेल, म्हणून.

"आणि बायकांना का घेत नाहीत?" बाईंनी जाता जाता विचारलं. या ग्रँड लॉजमध्ये फक्त पुरुषच घेतात. परंपरा, एवढंच उत्तर मिळतं, आणि ते मलाही पटत नाही. तसं सांगितलं. बायकांच्या वेगळ्या लॉज परदेशात आहेत, हेही सांगितलं. त्यात त्यांना रस नव्हता. लग्नाआधी त्या भजनी मंडळात पेटी वाजवायच्या, सासरी आल्यावर ते सुटलं होतं.

वर्गणीची पावती आता घरच्या फाइलमध्ये असते. पुण्याच्या शनिवारी बाई माहेरच्या मंडळात जातात, आणि त्या दिवशीचा स्वयंपाक पोराकडं आहे. त्याबद्दल तक्रार घेऊन तो अजून तरी माझ्याकडं आलेला नाही.