लोखंडी जिन्याचा स्ट्रिंगर (पायऱ्या पेलणारी बाजूची तिरकी तुळई) वर्किंग स्ट्रेसने (प्रत्यक्ष भार धरून ताण परवानगीच्या आत ठेवायची पद्धत) कसा काढायचा? ४ मीटर आडवा गाळा (दोन आधारांमधले अंतर), रुंदी १.२ मीटर

चालता भार ५ धरा (गर्दीची जागा, घरगुती जिन्याला ३ चालतो), स्वतःचे वजन १, एकूण ६ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. दोन स्ट्रिंगर असल्याने प्रत्येकावर अर्धी रुंदी, म्हणजे ०.६ × ६ = ३.६ किलोन्यूटन प्रति मीटर. मोमेंट (वाकवणारा परिणाम) ३.६ × ४² ÷ ८ = ७.२ किलोन्यूटन-मीटर. २५० ग्रेडच्या स्टीलला परवानगीचा ताण ०.६६ × २५० = १६५ न्यूटन प्रति चौरस मिमी, म्हणजे सेक्शन मॉड्युलस (छेदाची वाकण्याविरुद्धची ताकद) ४४ घन सेमी हवा. आयएसएमसी १२५ (१२५ मिमी उंचीचा स्टील चॅनेल) मध्ये ६६ मिळतो.

इथेच लोक थांबतात आणि जिना झुलतो.

मोमेंट आडव्या गाळ्यावर बरोबर येतो, पण स्ट्रिंगर तिरका, म्हणून खरा लांब असतो; उभा झोल (भाराखाली खाली वाकणे) १/cosθ पट वाढतो, θ म्हणजे जिन्याचा तिरकेपणा. ३३ अंशांवर १२५ चा झोल फक्त चालत्या भाराने सुमारे १४ मिमी, मर्यादा गाळा/३०० म्हणजे १३.३. आयएसएमसी १५० घ्या, झोल ८ मिमीच्या आत राहतो.

१६५ चा ताण दाबातली फ्लँज (चॅनेलची वरची आडवी पट्टी) बाजूला सरकत नसेल तरच. पायऱ्या दोन्ही स्ट्रिंगरना नीट वेल्ड केलेल्या हव्यात, नुसत्या टेकवलेल्या नकोत.

पायरीला २५० मिमी रुंद, ६ मिमी जाडीची सपाट चेकर्ड प्लेट कधीच नको: १.२ मीटरवर ती ५ च्या चालत्या भाराखाली हिशेबाने सुमारे ३७ मिमी वाकते. पुढची-मागची कड ४० मिमी खाली वळवा किंवा अँगल जोडा.

आणि १.५ चा लोड फॅक्टर (भार दीडपट धरणे) इथे लावू नका. सुरक्षितता १६५ मध्येच धरलेली आहे.