वाचकांचे प्रश्न : चिलिकाच्या तळाचे गवत आणि तरंगते शेवाळ

प्रश्न : जगन्नाथपुरीच्या यात्रेत आम्ही सातपाड्याहून नावेने चिलिका सरोवर पाहिले. उथळ पाण्याच्या तळाशी गवत डोलत होते आणि काही ठिकाणी हिरव्या तंतूंचे लगदे नावेच्या पंख्यात अडकत होते. नावाड्याने गवताला मासळीचे घर म्हटले आणि लगद्यांना मात्र शिव्या दिल्या. ही दोन्ही शेवाळेच ना? लगदे त्रासदायक असतील, तर ते ओढून का काढत नाहीत? – एक वाचक, परभणी

उत्तर : दोन्ही हिरवी असली आणि एकाच पाण्यात वाढत असली, तरी दोहोंपैकी शेवाळ एकच. तळाशी डोलणारे समुद्री गवत ही सपुष्प वनस्पती आहे. तिला मुळे असतात, चिखलात आडवे पसरणारे खोड असते, फुले येतात आणि तिचे पराग बहुतेक जातींत पाण्यातूनच वाहून जातात. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीवरील वनस्पतींच्या काही वंशांनी पुन्हा समुद्राचा आश्रय घेतला, त्यांचे हे वारस होत. चिलिकात हॅलोफिला आणि हॅलोड्यूल या गटांतील जाती आढळतात. हॅलोफिला ओव्हॅलिसची पाने लहान व लंबगोल असतात, तर हॅलोड्यूलची पाने अरुंद पट्टीसारखी असल्यामुळे तेच खऱ्या अर्थाने गवत वाटते. तंतूंचे लगदे मात्र शैवालाचे, बहुधा उल्व्हा किंवा कीटोमॉर्फा यांसारख्या हिरव्या शैवालांचे असावेत. त्यांना मुळे नसतात. पाण्यात विरघळलेले नत्र व स्फुरद ते सर्वांगाने शोषून घेतात.

नावाड्याचा राग आणि प्रेम या दोहोंचे मूळ या फरकात आहे. गवताला अन्नद्रव्ये चिखलातूनही मिळतात, म्हणून पाणी स्वच्छ आणि अन्नद्रव्ये बेताची असतात तेथे त्याचे वर्चस्व राहते. परंतु हिरवी नसलेली मुळे आणि खोड पोसण्याचा भार पानांवरच असल्यामुळे त्याला प्रकाश भरपूर लागतो; पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचा साधारणपणे दहा टक्क्यांहून अधिक भाग तळापर्यंत पोहोचला नाही, तर बहुतेक जाती तग धरू शकत नाहीत. शैवाल त्याहून पुष्कळ कमी प्रकाशात भागवते. त्यामुळे शेतांतील खत आणि गावांचे सांडपाणी नद्यांवाटे सरोवरात येऊ लागले, की वाढलेल्या नत्राचा पहिला लाभ झपाट्याने वाढणाऱ्या शैवालाला होतो, त्याचा थर गवतावर पसरतो आणि खालचे गवत अंधारात झुरू लागते. पुढे हा थर कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो, चिखलात मुळांना विषारी ठरणारा हायड्रोजन सल्फाइड साचतो आणि गवताबरोबर त्यात आसरा घेणारी कोळंबी, खेकडे व माशांची पिल्लेही जातात. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या इंडियन रिव्हर लगूनमध्ये २०११ साली सूक्ष्म शैवालाचा प्रचंड उद्रेक होऊन प्रकाश अडला आणि गवताची मोठी हानी झाली. गवतावर जगणाऱ्या मॅनाटी या सस्तन प्राण्यांची पुढे उपासमार होऊ लागली आणि २०२१ या एका वर्षात फ्लोरिडात ११०० हून अधिक मॅनाटी मेले.

चिलिकाची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण तेथे निर्णायक घटक खारेपणाचा ठरला. महानदीच्या शाखांनी आणलेल्या गाळाने समुद्राकडचे मुख आक्रसत गेले, पाणी गोडे होत चालले आणि गोड्या पाण्यातील तणांनी मोठा भाग व्यापला. १९८१ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत असलेले हे सरोवर १९९३ मध्ये धोक्यातील पाणथळींच्या माँट्रे नोंदीत गेले. सप्टेंबर २००० मध्ये वाळूच्या बांधातून समुद्राकडे नवे मुख खोदल्यावर खारे पाणी पुन्हा खेळू लागले, तण मागे हटले, समुद्री गवताची कुरणे पसरली, मासळी वाढली आणि २००२ मध्ये सरोवराचे नाव त्या नोंदीतून वगळले गेले. तरीही दर पावसाळ्यात नद्यांच्या पुराने पाणी गोडे व गढूळ होते, तेव्हा गवत खंगते आणि पुढे पाणी निवळून खारे झाले की पुन्हा भरते. एखाद्या यात्रेकरूने भाद्रपदात पाहिलेले चिलिका आणि फाल्गुनात पाहिलेले चिलिका यांत म्हणूनच बराच फरक असतो.

लगदे ओढून काढण्याबाबत माझे मत सावध आहे. जाळी किंवा दंताळे तळावरून फिरवले, तर शैवालाबरोबर गवताचे खोडही उपटले जाते आणि ढवळलेल्या गाळाने उजेड आणखी घटतो. शिवाय थोडे शैवाल हे अनेक जीवांचे अन्न असते, आणि चिलिकातील ग्रासिलारिया या लाल शैवालाच्या गटापासून ‘अगर’ हा जेलीसारखा पदार्थ मिळवतात. नावेच्या वाटेतील तरंगता लगदा हाताने काढण्यास हरकत नाही; परंतु वरून येणारे नत्र थांबले नाही, तर लगदा परत तयार होणारच. आपल्याकडे गोदावरीच्या पात्रात जलपर्णीचे ढीग यंत्रांनी काढले जातात आणि सांडपाणी पूर्ववत चालू राहते, त्यातला हा प्रकार.

प्रश्न : आमच्याकडे कपाशी व मोसंबीवर फवारणीसाठी समुद्री शैवालाचा अर्क मिळतो. तो याच शेवाळाचा असतो का? – एक शेतकरी, जालना जिल्हा

उत्तर : नाही. बाजारातील अर्क प्रामुख्याने दोन शैवालांचे असतात : उत्तर अटलांटिकच्या थंड किनाऱ्यांवरील तपकिरी अ‍ॅस्कोफिलम आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तराफ्यांवर लावले जाणारे लाल कप्पाफायकस. दुसरे मूळचे भारतातले नाही, आणि लागवडीतून सुटून ते मन्नारच्या आखातातील काही प्रवाळांवर पसरल्याची नोंद आहे. त्यामुळे त्याची लागवड कोठे करावी यावर वाद आहे. अर्क पिकाच्या वाढीला चालना देण्यासाठी वापरतात, त्याने नत्र-स्फुरद-पालाशाची गरज भागत नाही. आपल्या बाटलीत यांपैकी काय आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर लेबलावर शैवालाचे नाव आणि अर्काचे प्रमाण पाहावे. ते छापलेले नसेल, तर दुकानदाराच्या तोंडी हमीवर पैसे घालू नयेत.