देवघर सोडून मोजलेला वाडा

लश्कर, ग्वाल्हेर

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीचं बाड पोचलं. सोबतचा चार पानी तक्ताही पोचला. बाड दोनदा वाचलं, तक्ता एकदा. तक्त्यातला तुझा नायक डावखुरा आहे, लहानपणी विहिरीत पडता पडता वाचलेला आहे, वडिलांशी त्याने सात वर्षं अबोला धरला आहे, त्याला कारलं आवडतं आणि गर्दी आवडत नाही. बाडातला नायक पुण्याहून गाडीने येतो, जीवाजीगंजातला वाडा विकतो आणि गाडीने परत जातो. या दोघांची ओळख कोणी करून दिलेली दिसत नाही.

तू विचारतोस, "मावशी, मुख्य पात्राचा विकास नीट झालाय का, हे ओळखायचं कसं?" उत्तराला आठ दिवस लागले. त्यातले तीन माझ्या गुडघ्यांनी घेतले.

आधी तो 'विकास' शब्द बाजूला ठेव. तो नगर निगमच्या फलकावर शोभतो. कादंबरीच्या संदर्भात तो डोक्यात शिरला की वाचणारा पहिल्या पानावरचा माणूस आणि शेवटच्या पानावरचा माणूस शेजारी शेजारी उभे करून उंची किती वाढली ते बघायला लागतो. भित्रा होता, धीट झाला, उत्तीर्ण. मग भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'तल्या पांडुरंग सांगवीकराचं काय करायचं? गावाहून पुण्याला कॉलेजात जातो आणि अखेर परत सांगवीलाच येऊन बसतो. उंचीची पट्टी लावली तर नापास. तरी १९६३पासून वाचणारे त्याला ओळखीच्या माणसासारखा धरून आहेत, कारण सगळ्यांची टवाळी करणारा पांडुरंग आणि धाकट्या बहिणीच्या मरणाने उन्मळून गेलेला पांडुरंग यांच्यामध्ये कुठे शिवण दिसत नाही. आमच्या वेळी 'पात्र उभं राहिलं' म्हणत. मला तेच बरं वाटतं. उभं राहायला उंच व्हावं लागत नाही.

आता गाण्याचा दाखला. ग्वाल्हेरात राहून तो दिला नाही तर शेजारीपाजारी नावं ठेवतील.

भूप आणि देशकार हे दोन राग घे. दोन्हींत सा, रे, ग, प, ध एवढेच पाच स्वर. मध्यम आणि निषाद दोन्हींत वर्ज्य. कागदावर लिहिलेस तर एकाचीच दोन नावं वाटतील. पण भूप संध्याकाळचा, त्याचा जीव गांधारात, म्हणजे 'ग'मध्ये. देशकार सकाळचा, तो धैवतावर, म्हणजे 'ध'वर उभा असतो. मी बारा-तेरा वर्षांची असताना सकाळच्या शिकवणीला देशकार म्हणत होते. गांधार गोड लागला म्हणून त्याच्यावर जरा जास्त रेंगाळले. गुरुजींनी तंबोऱ्यावरची बोटं थांबवली, खिडकीबाहेर बघितलं आणि विचारलं, "दिवेलागण झाली का गं?" स्वर एकही चुकला नव्हता. राग मात्र दुसराच झाला होता.

तुझा तक्ता म्हणजे सा, रे, ग, प, ध आहे. डावखुरा, अबोला धरलेला, आईवेगळा, पुण्यात नोकरी करणारा अशी पन्नास माणसं मी एका दौलतगंजात दाखवीन. ती एकमेकांपासून वेगळी कशी कळतात? त्यांना मोकळं सोडलं की कोण कुठे जाऊन थांबतं त्यावरून. एक जण कुठल्याही बोलण्यातून पैशावर येतो. दुसरा घरात शिरला की आधी छताकडे बघतो, गळतं कुठे ते. तिसऱ्याला दुसऱ्याने केलेला चहा पुरा पिववत नाही. कादंबरी वाचताना मी हेच ऐकते. लेखकाने ढकललेलं नसताना पात्र आपणहून कुठे परत जातं? शंभर पानं झाली आणि मला ती जागा सापडली नाही, तर त्याच्याविषयी कितीही माहिती दिलेली असो, तो माझ्यासाठी अजून आलेला नाही.

तुझा नायक पहिल्या पन्नास पानांत कुठेच थांबत नाही. जिथे प्रसंग तिथे तो. दलाल चिडवतो तेव्हा चिडतो, आत्या रडते तेव्हा गहिवरतो. हा भल्या माणसाचा नमुना आहे, आणि भलेपण पाहुण्याच्या अंगीही असतं.

दुसरी गोष्ट त्याच्या बोलण्याची. यावर मी जरा रागावले आहे, कारण तू इथे वाढलास आणि तुला हे कळायला हवं होतं. तुझा नायक भाजीवाल्याशी, दलालाशी, आत्याशी, बायकोशी फोनवर, सगळ्यांशी एकाच छापील मराठीत बोलतो. अरे, आपल्यातलं कोण असं बोलतं? घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की हिंदी, हे आपल्याला श्वासासारखं आहे. माझे वडील भाजीचे पैसे 'साढ़े सात' म्हणून मोजायचे आणि तोच हिशेब घरी वहीत लिहिताना ओठांतल्या ओठांत 'बे एके बे'च्या चालीवर यायचे. रागावले की हिंदी, फारच रागावले की पुन्हा मराठी. आम्हाला पोरांना भाषेवरून कळायचं, पळायचं की थांबायचं. तुझ्या नायकाला विचार, तू हिशेब कोणत्या भाषेत करतोस? वडिलांशी सात वर्षं बोलला नाहीस, पण मनात त्यांच्याशी भांडलास ते कोणत्या भाषेत? पुण्यात राहून त्याचं 'चाय' म्हणणं सुटलं असेल तर ते कोणासमोर सुटलं आणि इथे आल्यावर कितव्या दिवशी परत आलं? संवादांवरची नावं हाताने झाकून वाचून बघ. तुझ्या बाडात मी ते केलं. कोण बोलतंय ते फक्त आत्याच्या बाबतीत कळलं, तेही ती 'बाई गं' म्हणते म्हणून.

आता माझी एक चूक सांगते, कारण हीच चूक तू दुसऱ्यांचं वाचताना करशील.

पूर्वी मी हस्तलिखितं वाचून अभिप्राय द्यायची तेव्हा समासात पेन्सिलीने दोन खुणा करायची. पात्राच्या बाबतीत काही घडलं तर 'घ', पात्राने स्वतः काही ठरवलं तर 'ठ'. सगळा समास 'घ'ने भरला की समजायचं, हा नायक वाहत चाललेला ओंडका आहे. पद्धत चांगली आहे. तुझ्या बाडावरही केली. 'ठ' एका हाताच्या बोटांवर मावले. पण याच पद्धतीने मी एकदा एका बाईची कादंबरी परत पाठवली. तिची नायिका एकत्र कुटुंबातली थोरली सून. समासभर 'घ', एकही 'ठ' नाही. मी लिहिलं, 'नायिका निष्क्रिय, व्यक्तिरेखा अविकसित.' बघ, तोच शब्द.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एका दुपारी भाकरी थापताना त्या कादंबरीतलं एक वाक्य अचानक आठवलं. सासऱ्यांच्या पानात वाढताना ती सून त्यांच्या बोटांकडे बघते, आणि बोटं ताटाच्या कडेवर वाजायला लागली की मुलांना मागच्या दाराने बाहेर पाठवते. माझ्या लेखी ते 'घ' होतं. त्या घरात त्या बाईला तेवढंच ठरवता येत होतं, आणि ती ते रोज ठरवत होती. ज्याला स्वतःच्या नावाने निर्णय घेता येतात अशाच माणसासाठी माझ्या खुणा बनल्या होत्या.

१९६१ साली साहित्य संमेलन आपल्या ग्वाल्हेरला भरलं होतं. अध्यक्षपदी कुसुमावती देशपांडे होत्या, त्या पदावर बसलेली पहिली बाई. मी आईचं बोट धरून मंडपात होते. आठवते ती फक्त लाऊडस्पीकरची खरखर. पुढे मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकावरचा त्यांचा दोन भागांतला अभ्यास हाती आला आणि तो वाचता वाचता मी हरिभाऊ आपट्यांच्या यमूकडे परत गेले, या वेळी पेन्सील घेऊन. 'पण लक्षांत कोण घेतो!' १८९३ साली पुस्तकरूपाने आली. यमूचं लग्न ती ठरवत नाही. वैधव्य तिच्यावर येतं. केशवपन तिच्यावर लादलं जातं. माझ्या हिशेबाने ती पुरती अविकसित ठरायला हवी होती. आणि मराठीत तिच्याइतकी ठसठशीत उभी असलेली माणसं किती आहेत? ती उभी राहते तिच्या बघण्यातून. लहानपणी वडिलांचा धाक आणि आईची घुसमट जिने टिपली, तीच पुढे आपल्या वाट्याचं तसंच टिपत सांगते. तेव्हापासून मी तिसरी खूण करते, 'ल'. पात्राने काय लक्षात घेतलं. त्या बाईला मी नंतर पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही, आणि ते यायला हवं होतं असं मला वाटतही नाही.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांची सपाट (एकाच गुणावर बेतलेली) आणि गोल (अनेक बाजू असलेली) पात्रांची वाटणी तुला कॉलेजात शिकवलीच असेल, १९२७ची आहे. पात्र पटेल अशा रीतीने चकित करतं का, ही त्यांची गोल पात्राची परीक्षा. विद्यार्थी 'चकित' लक्षात ठेवतात आणि 'पटेल अशा रीतीने' विसरतात. तू पान १४० वर नायकाला दलालाच्या थोबाडीत मारायला लावलं आहेस. मी चकित झाले. पण आधीच्या १३९ पानांत त्या हाताला कुठे खाज सुटलेली दिसली नाही. तो हात तुझा होता. तुला कंटाळा आला होता.

आता पान ६३. वाड्याचं माप घ्यायचा प्रसंग. टेपचं एक टोक म्हाताऱ्या भाडेकरूच्या हातात, दुसरं नायकाच्या. ओटा, चौक, माजघर, स्वयंपाकघर असं करत दोघं मागे सरकतात. देवघराच्या दारात भाडेकरू टेप धरून उभा राहतो. नायक त्याला म्हणतो, "ते झालं," आणि परसाकडे वळतो. झालेलं नसतं. भाडेकरू त्याच्याकडे बघतो, टेप गुंडाळतो आणि काही बोलत नाही.

मी तिथे थांबले आणि चष्मा पुसला. हे तुझ्या तक्त्यात नाही. तक्त्याप्रमाणे तो नास्तिक आहे. त्याने असं का केलं ते मला नेमकं सांगता येणार नाही, पण त्याच्यावाचून दुसऱ्या कोणी ते केलं नसतं एवढं नक्की. आख्ख्या बाडात माझ्या हातून 'घ', 'ठ' आणि 'ल' तिन्ही खुणा एकाच ओळीसमोर पडल्या त्या इथे.

आणि तू काय केलंस? पान ६४ वर पूर्ण परिच्छेद खर्चून सांगितलंस की त्याला आजीची पूजा आठवली, घंटेचा नाद आठवला, भावनांचा कल्लोळ झाला. तो परिच्छेद काढ. भाडेकरू गप्प राहिला, तू का नाही राहिलास?

त्याहून मोठी तक्रार पुढे आहे. पान १९० वर तो रजिस्ट्रीच्या कागदावर सही करतो आणि देवघराचा उल्लेखसुद्धा येत नाही. पान ६३ वर जे केलं ते नायक विसरला की तू विसरलास? चांगल्या कादंबरीत पात्राने एकदा केलेली गोष्ट पुढच्या पानांना चिकटून येते, कपड्याला धूर चिकटतो तशी. इथे तर नुसता मनाचाही मामला नाही, मापाचा आहे. एक खोली कमी मोजली म्हणजे कागदावरचा आकडा खोटा. घेणाऱ्याच्या कधीतरी ते लक्षात येणार, भाडेकरूला आजच माहीत आहे, आणि हा सही करतोय. वकिलाने आकडा मोठ्याने वाचून दाखवला असेल ना? हिंदीत वाचला असेल. त्या वेळी नायकाने कोणाकडे बघितलं? भाडेकरू साक्षीदार म्हणून आला होता का? आणि त्या कागदावर चौरस फूट किती लिहिले होते? १९० पानांत तू तो आकडा कुठेच दिलेला नाहीस. मला तो हवा आहे. गुरुवारी संध्याकाळी मी घरीच आहे. तक्ता आणू नकोस, पान ६३ आणि १९० तेवढी घेऊन ये.

तुझी,
मावशी